मॅगव्हीलला तडा गेला तर वॉरंटी मिळते का? जॉब कार्डवर सही करण्याआधी हे वाचा

परभणी : टायरमध्ये खिळा नाही, व्हॉल्व्हही चांगला आहे, तरी रात्रीतून हवा उतरते. पंक्चरवाला चाक पाण्याच्या टाकीत बुडवतो तेव्हा बुडबुडे टायरमधून नाही, तर चाकाच्या आतल्या कडेतून निघतात. केसाएवढा तडा. शहरात अलॉय व्हील आणि गावाकडं मॅगव्हील म्हणतात ते हे चाक. एका चाकाची किंमत ऐकली की माणूस आधी वॉरंटीची पुस्तिका शोधतो आणि शोरूम गाठतो. तिथं बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "साहेब, हे खड्ड्यात आपटलंय, वॉरंटीत बसत नाही."

हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी नसतं. बरोबर आहे की नाही हे ठरवायचा पुरावा मात्र पहिल्या एक-दोन दिवसांतच हातात असतो. तो गेला की मग नुसती तोंडातोंडी.

लोखंडी चाक वाकतं, अलॉय फुटतं

साधी डिस्क पोलादी पत्र्याची असते. दणका बसला की ती वाकते, कारागीर हातोड्यानं सरळ करतो आणि गाडी चालू. अलॉय चाक ॲल्युमिनियमचं ओतीव असतं. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं, ओतल्यावर त्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक करतात. कडकपणा आला की वाकायची तयारी कमी होते. मोठा दणका बसला तर ते थोडं वाकतं आणि लगेच तडकतं.

तडा बहुतेक वेळा चाकाच्या आतल्या कडेला, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या बाजूला जातो. बाहेरच्या बाजूला आऱ्यांचा आधार असतो, आतल्या कडेला तो नसतो. म्हणून गाडी बाहेरून चकाचक दिसते आणि मालकाला महिनाभर पत्ता लागत नाही.

टायरची उंची हा दुसरा मुद्दा. टायरवर १६५/८० आर १४ लिहिलेलं असेल तर रस्ता आणि चाक यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर असतं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ बसवलं की ते १२० मिलिमीटर होतं. २१५/५५ आर १७ असेल तर ११८. (पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची याचा. मोबाइलवर गुणाकार करून कोणालाही बघता येईल.) त्यात हवा कमी असली तर खड्ड्याची धार टायर दाबून थेट चाकाला भिडते. परभणीची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराची कड आणि साइडपट्टी टिकत नाही. पाथरी-मानवतकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ सोडून गावच्या रस्त्याला लागलं की अशा धारदार कडा भेटणारच. हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि ती टायर थंड असताना बघायची असते.

खड्डा की ओतकामाचा दोष?

चाकाच्या कडेला तडा आहे, शेजारीच चेपलेलं किंवा घासलेलं आहे, टायरच्या बाजूला फुगा आलाय किंवा चीर आहे, तर दणका बसलाच आहे. तिथं शोरूमशी भांडून उपयोग नाही.

पण कुठंही चेप नाही, टायर धड आहे आणि तडा आऱ्याच्या मुळाशी किंवा मधल्या भागात आहे, तर प्रश्न विचारायला जागा आहे. एकाच गाडीच्या दोन-तीन चाकांना एकाच ठिकाणी तडे असतील तर संशय आणखी वाढतो. ओतताना धातूत हवा अडकली की आत बारीक पोकळ्या राहतात. तिथून तडा सुरू होतो आणि रोजच्या फिरण्यानं हळूहळू वाढतो. तरी डोळ्यानं पाहून शेवटचा निकाल देता येत नाही. नट बोल्ट हवेच्या गननं वाजवीपेक्षा जास्त आवळले तरी बोल्टच्या भोकाजवळ तडा जाऊ शकतो. खरी गोष्ट तुटलेल्या जागेची तपासणी केल्यावरच कळते, आणि ती प्रयोगशाळेत होते. पुण्याची एआरएआय ही वाहन तपासणीची जुनी संस्था, १९६६ पासूनची.

नवीन चाकाला बाजारात येण्याआधी दणक्याची चाचणी द्यावी लागते. आयएसओ ७१४१ या मानकात टायर बसवलेलं चाक १३ अंश तिरपं धरून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. म्हणजे दणका सोसणं हा चाकाच्या कामाचाच भाग आहे. "खड्डा लागला म्हणजे आमची जबाबदारी संपली" हे सरसकट वाक्य म्हणूनच पटत नाही. दणका किती होता हा प्रश्न उरतोच.

सगळं अडतं ते जॉब कार्डावर

गाडी सर्व्हिस सेंटरला लावली की ॲडव्हायझर विचारतो, "काय झालं?" मालक साधेपणानं म्हणतो, "खड्ड्यात गेली असंल." जॉब कार्डवर लिहिलं जातं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार खड्ड्यात आदळली'. खाली सही. पुढं तीच सही ग्राहकाच्या विरोधात कागद म्हणून येते. खोटं बोलायचं नाही. पण जे पाहिलं नाही ते अंदाजानं सांगायचंही नाही. "हवा उतरत होती, तपासल्यावर तडा दिसला" एवढंच खरं असेल तर तेवढंच लिहून घ्यावं आणि वाचूनच सही करावी.

विम्याचा अर्ज भरतानाही तेच. विमा अपघाताचा असतो, म्हणून तिथं 'बाहेरून दणका बसला' असं लिहावं लागतं. वॉरंटी ओतकामाच्या दोषाची असते, तिथं दणका नको असतो. दोन्हीकडं अर्ज केला तर दोन कागद एकमेकांना खोडतात. चाक नीट पाहून कोणता रस्ता खरा ते आधी ठरवलेलं बरं.

विम्याचा हिशोब मांडूनच क्लेम करावा. समजा चाक १२,००० रुपयांचं आणि गाडी अडीच वर्षांची. धातूच्या भागावर २ ते ३ वर्षांच्या गाडीला १५ टक्के घसारा, म्हणजे १,८०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपये कपात. हातात ९,२००. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. क्लेम नसता तर पुढच्या तीन वर्षांत ३५, ४५, ५० टक्के सूट मिळाली असती, आता ०, २०, २५ मिळेल. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वर्षाला १०,००० धरला तर ८,५०० रुपये परत गेले. एका चाकासाठी हा सौदा जेमतेमच. दोन-तीन चाकं, बंपर असं एकाच अपघातात गेलं असेल तर गोष्ट वेगळी. काही कंपन्या टायर आणि रिमसाठी वेगळं जादा संरक्षण देतात, पॉलिसी घेतानाच त्याची अट वाचावी.

वॉरंटीचा रस्ता धरला तर चाक खोलण्याआधी गाडीवर असतानाच फोटो काढावेत. तडा, टायरची दोन्ही अंगं, किलोमीटरचा आकडा. चाकाच्या आतल्या बाजूला साइज, कंपनीचं चिन्ह आणि बनवल्याच्या काळाची खूण ओतलेली असते, तिचाही फोटो. नकार तोंडी घेऊ नये, ईमेलवर किंवा जॉब कार्डवर कारणासह मागावा. आणि तडकलेलं चाक सोडून येऊ नये. भंगारात गेलेल्या चाकाची तपासणी कोण करणार?

आयोगात जायचं तर

गाडी नांदेडला घेतली असो की छत्रपती संभाजीनगरला, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथंच चालतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. मुदत दोन वर्षांची. पोट भरण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही ग्राहकच धरला जातो. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करावं, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी, तिला पैसे लागत नाहीत.

दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग चाक प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. कायद्यात अहवालाला ४५ दिवस दिलेत आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. दोष दाखवायची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची असल्यानं हा अर्ज टाळू नये. मागणीही बेतानं करावी. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात क्लच बिघडल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. चाकासाठी नवी गाडी मागणारा अर्ज म्हणून अडचणीत येतो. चाक, तपासणीचा खर्च आणि झालेला त्रास एवढं मागितलं तर ऐकून घेतलं जातं.

निकाल लागेपर्यंत गाडी चालवायची कशी, हा खरा प्रश्न. गल्लीत वेल्डिंग मारून मिळतं, पण वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागेचा कारखान्यात दिलेला कडकपणा जातो. वरून पॉलिश केलेलं ते चाक पुन्हा कधी फुटेल सांगता येत नाही. आऱ्याला किंवा बोल्टजवळ तडा असलेलं चाक तर वेल्डिंग करून वापरूच नये. अनेक गाड्यांची स्टेपनी लोखंडी असते, तात्पुरती ती चढवावी. तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असेल तर ती पाळावी. पोरंबाळं घेऊन जिंतूर-गंगाखेड करायचं असेल तर त्याच मापाची साधी लोखंडी डिस्क विकत घेणं परवडतं, आणि तडकलेलं चाक तेवढे दिवस पुरावा म्हणून घरात पडून राहतं.