डिंक, सरस आणि न सुटणारा सांधा

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, लेणी आठवतात. आमच्या पातूरला तर लेणीच आहेत, त्यामुळे इतिहास म्हणजे दगडात कोरलेलं काहीतरी हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पण मंडळी, चिकटवण्यालाही इतिहास आहे बरं का. आणि मला तर तो चिकटण्यापेक्षा सुटण्याचाच जास्त वाटतो.

अकोल्याहून वाशीमकडे जाताना डोंगर लागतात, त्यांच्या पायथ्याशी पातूर. इकडच्या रानात धावडा, सालई, बाभूळ ही डिंकाची झाडं. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात, बाभळीचा पाण्यात भिजवून पाकिटं चिकटवायला. पतंगाला आणि पुस्तकांच्या कव्हरांना कणकेची खळ. सुतार वापरायचे सरस. जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला, रोज गरम करावा लागणारा, आणि वास तर विचारूच नका!

पण या तिघांत एक गुण होता. पाणी लागलं किंवा शेक दिला की ते सोडायचे. खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला की सुतार सांधा शेकून मोकळा करायचा, खरवडायचा, पुन्हा बसवायचा. सांधा पक्का होता, पण कायमचा नव्हता.

मग 1959 साल आलं. उमेदीच्या काळात मुंबईत लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपायाचं काम केलेल्या बळवंतराय पारेखांनी फेविकॉल आणलं. उकळायची कटकट गेली, वास गेला. सुतारांचे कष्ट वाचले हे मान्यच करायला हवं. त्याआधीच, 1946 मध्ये, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने अरल्डाइट बाजारात आणलं होतं. दोन ट्यूबांमधला माल एकत्र केला की रेणूंचं एक जाळंच विणलं जातं, आणि ते पुन्हा वितळत नाही. (भारतातला हा अरल्डाइटचा धंदा 2020 मध्ये फेविकॉलवाल्या पिडिलाइटनेच विकत घेतला.)

याच जातीचा इपॉक्सी आज आपल्या खिशात आहे. मोबाइलमधली चिप आणि तिच्याखालचा बोर्ड, दोघं तापले की कमीजास्त फुगतात. त्या ओढाताणीत बारीक सोल्डरचे टाके तुटतात. म्हणून चिपखाली इपॉक्सी सोडतात, ताण तो झेलतो. फोन हातातून पडूनही चालतो, त्यात या गोंदाचा वाटा आहे. काचही गोंदानेच बसवलेली, बऱ्याच फोनांत बॅटरीसुद्धा. औद्योगिक गोंदांतली मोठी जर्मन कंपनी हेंकेल हिने 2020 मध्ये आपल्या दौंडजवळच्या कुरकुंभला नवा कारखाना सुरू केला, म्हणजे हा धंदा काही सातासमुद्रापारचा राहिलेला नाही.

आता दुसरी बाजू. पातूरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला मी सहज विचारलं, पूर्वीपेक्षा काम अवघड झालं का? तो म्हणाला, "पयले इस्क्रू होते, खोललं की झालं. आता समदं चिपकवून देते न बाप्पा! काच वाचवाव की ब्याटरी?" गरम पाट्यावर फोन ठेवून, पातळ पत्ती सरकवत तो काच सोडवतो. सुतार सांधा शेकायचा तसंच. फरक इतकाच की सरस सुटायचा म्हणून सुटायचा, हा गोंद सुटू नये म्हणूनच बनवलेला. काच तडकली तर भुर्दंड दुकानदाराला.

जगालाही हे उशिरा का होईना उमगतंय. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. अ‍ॅपलने 2024 च्या आयफोन 16 मध्ये बॅटरीला असा गोंद लावला, की बारीकसा वीजप्रवाह दिला की तो सोडतो. म्हणजे काय, तर इतकी मजल मारून आपण पुन्हा सरसाच्याच गुणापाशी आलो!

मला वाटतं, घट्ट धरणं ही अर्धीच कारागिरी. वेळ आली की सोडता येणं ही उरलेली अर्धी. आमच्या सुतारांना ती येत होती, तिला त्यांनी कधी मोठं नाव दिलं नाही इतकंच.

असो. तुमच्या घरी सरसाने जोडलेलं एखादं जुनं कपाट, पाळणा अजून असेल तर जरूर कळवा. अकोल्याच्या मामींकडे एक आहे, हे मला पक्कं माहीत आहे!