मोटारीच्या नळींतील शेगडी

इंदापूर पुणें-सोलापूर रस्त्यावर वसलेलें आहे. २०१० सालीं मोटारींच्या धुराविषयींचे 'भारत-चार' नियम ज्या निवडक शहरांस लागू झाले, त्यांत पुणें होतें आणि सोलापूरहि होतें. मधल्या इंदापूर-बारामतीचें नांव त्या यादींत नव्हतें. देशभर ते नियम आले १ एप्रिल २०१७ पासून.

पेट्रोलच्या गाडींत अशा नियमांचा पहारेकरी धुराच्या नळींत बसतो. गॅरेजांत त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. श्रोत्यांस नवल वाटेल, पण त्याचें मूळ मोटारींत नाहीं, दिव्यांत आहे. १८९७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनीं झिरकोनियाच्या कांडीचा विजेचा दिवा शोधला. थंड असतां ही कांडी वीज वाहूं देत नसे, म्हणून शेजारीं तापविणारी तार ठेवावी लागे. पुढें १९७६ सालीं बॉश कंपनीचा झिरकोनियाचा सेन्सर कॅलिफोर्नियांत जाणाऱ्या व्होल्वो मोटारींस लागला. जुनी अडचण बरोबर आलीच : सुमारें तीनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापल्याविना तो मुका! तोंवर इंजिन अंदाजानें पेट्रोल घेई. म्हणून १९८२ सालीं त्याच्या पोटांत हीटर, म्हणजे विजेची शेगडीच, घालण्यांत आली. नेर्न्स्टची तार पंचाऐंशीं वर्षांनीं परत आली म्हणावयाची.

आतां ही शेगडी बिघडली, कीं मालकाचा खिसा रिकामा होतो. स्कॅनरवर हीटरचा दोष उमटतांच अख्खा सेन्सर फेकण्याची घाई होते. दोष मात्र कधीं जळालेल्या फ्यूजचा असतो, कधीं उंदरानें कुरतडलेल्या तारेचा. उंसाच्या मुलखांत उंदरांस काय तोटा! चार तारांच्या सेन्सरांत दोन तारा, बहुधा एकाच रंगाच्या, शेगडीच्या असतात. इंजिन थंड असतां जोड सोडून मल्टिमीटरनें त्या दोहोंमधील रोध मोजावा. तो कांहीं ओहम भरला व गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं जुळला, तर शेगडी शाबूत. मीटर अनंत दाखवूं लागला, तर आंतली तार तुटली. मग इंजिन चालू करून गाडीकडच्या जोडावर बारा व्होल्टांच्या आसपास दाब येतो काय, तें पाहावें. शेगडी शाबूत असून दाबच येत नसेल, तर सेन्सरास हात न लावतां फ्यूज आणि वायरिंग तपासावें.

सेन्सरची तुटलेली तार डाख देऊन जोडणें मात्र बरें नव्हे. कित्येक सेन्सर बाहेरची हवा तारांच्या फटींतूनच घेतात, आणि ती हवा व धूर यांतील प्राणवायूच्या तफावतीवरच त्यांचें मोजमाप चालतें. फट बुजली कीं मापहि चुकलें.

बारामतीस २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होऊं लागली. २०२० सालीं 'भारत-सहा' नियम आले, तिचा कार्ब्युरेटर गेला, आणि तिच्याहि धुराच्या नळींत हा सेन्सर बसला. मोटारींच्या गॅरेजांतील ही विद्या त्यामुळें दुचाकीच्या मिस्त्र्यांसहि शिकावी लागत आहे.