मुरोचें उष्णोदक व राजपुत्र आरिमा

जपानांतील कीई द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर शिराहामा नांवाचें उष्णोदकाचें गांव आहे. तेथील साकी-नो-यु हें कुंड समुद्रालगतच्या खडकांतच असून, लाटा उसळल्या म्हणजे तुषार स्नान करणाराच्या अंगावर येतात. आज तेथें हौशी प्रवाशांची गर्दी असते. परंतु प्राचीन ग्रंथांतील 'मुरोचें उष्णोदक' तें हेंच, असें परंपरा मानते. आणि त्या उष्णोदकाशीं एका राजपुत्राचा वध निगडित आहे.

इ. स. ७२० मध्यें पुरा झालेल्या 'निहोन शोकी' या दरबारी इतिहासांतील हकीकत अशी: इ. स. ६५७ त राजपुत्र आरिमा वेडाचें सोंग घेऊन मुरोस गेला, व परत येऊन त्यानें त्या स्थळाची अशी स्तुति केली कीं, सम्राज्ञी साइमेइ हिलाही तें पाहण्याची इच्छा झाली. पुढील वर्षीं दहाव्या महिन्यांत ती तिकडे गेली. राजधानी सोगा-नो-आकाए याच्या हवालीं होती. त्यानें आरिमाजवळ सम्राज्ञीचे तीन दोष काढिले: कोठारांत प्रजेचें धन सांठविलें, लांब कालवा खणण्यांत धान्य उधळलें, आणि नावांतून दगड आणून टेकडी रचिली. आरिमा बंडास अनुकूल झाला. दोन दिवसांनीं आकाएच्या घरीं खलबत झालें. त्याच रात्रीं आकाएनेंच आरिमाचें घर वेढविलें! उष्णोदकावर युवराज नाका-नो-ओए यानें जाब विचारला, तेव्हां आरिमानें सर्व आकाएवर सोंपवून स्वतः अजाणपण सांगितलें. दोन दिवसांनीं फुजिशिरोच्या चढणीवर त्यास फांस देऊन मारिलें. वय अवघें १९ वर्षांचें.

आरिमा खरोखर दोषी होता काय? शोकीचा मुख्य संपादक राजपुत्र तोनेरी हा नाका-नो-ओएचा दौहित्र होता, आणि आरिमा हा पूर्वीचा सम्राट् कोतोकू याचा पुत्र, अर्थात् गादीचा प्रतिस्पर्धी. तेव्हां बंडाचा आरोप सावधपणें घेतला पाहिजे. उलट, आरिमाचें उत्तर व सम्राज्ञीवरील आक्षेप हा मजकूर संपादकाच्या घराण्यास अडचणीचा असूनही राहिला; म्हणून तोच अधिक विश्वसनीय होय. इ. स. १९९२ मध्यें आसुका येथील टेकडीवर घडीव वालुकाश्माची भिंत उत्खननांत सांपडली, तिनें दगडांच्या आक्षेपास दुजोरा मिळाला. आकाएस शासन झालें नाहींच, इ. स. ६७१ त, नाका-नो-ओए सम्राट् असतां, तो सादाइजिन, म्हणजे डावा मंत्री, झाला.

सारांश, प्रजेचें गाऱ्हाणें खरें होतें, आणि त्याच खऱ्या गाऱ्हाण्याचें आमिष करून राजपुत्रास जाळ्यांत ओढलें, असेंच अनुमान निघतें.