बीटामॅक्स का हरली?

"चित्र बीटाचंच सरस होतं हो!" असं हळहळणाऱ्यांत मीही होतो. असेलही सरस. पण सोनीने १९७५ साली आणलेल्या पहिल्या कॅसेटमध्ये मावायचा जेमतेम एक तास! म्हणजे सिनेमा अर्ध्यावरच संपला की. १९७६ मध्ये जेव्हीसीची व्हीएचएस आली ती दोन तासांची. अमेरिकेत आरसीएला तर अख्खा फुटबॉल सामना मावायला हवा होता. मात्सुशिताने १९७७ मध्ये चार तासांचं यंत्र करून दिलं. (चित्र जरा भुरकट, पण सामना पुरा!) शिवाय जेव्हीसीने हे तंत्र हिताची, शार्प, मित्सुबिशी यांनाही वापरू दिलं. यंत्रं वाढली, तशा भाड्याच्या कॅसेटीही व्हीएचएसच्याच. १९८८ मध्ये सोनीनेच व्हीएचएस यंत्रं काढली... आणि बीटाच्या कोऱ्या कॅसेटी मात्र २०१६ पर्यंत विकल्या!