संत लुईच्या मंदिरातील योसेफ

फ्रान्सचा राजा संत लुई याने आपल्या प्रभूच्या काटेरी मुकुटासाठी पॅरिस येथे 'सँत शापेल' हे मंदिर बांधविले. त्याचे अभिषेचन १२४८ साली झाले. त्याच मंदिराच्या खजिन्यात एक मोठे कोरीव रत्न होते. याकोबाचा पुत्र योसेफ फारोच्या दरबारी सन्मान पावत आहे, असा त्यावरील प्रसंगाचा अर्थ सर्वजण लावीत.

रत्न अखंड एका दगडाचे, सार्डोनिक्सचे. उंची ३१ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २६. दगडाला पांढरे व तपकिरी असे पाच थर असून ते बेताने झिजवून कारागिराने २४ आकृती उठविल्या आहेत. असा दगड छिन्नीला दाद देत नाही. फिरत्या हत्याराखाली कुरुंदासारख्या कठीण खड्याची पूड घालून तो तासन् तास घासावा लागतो, आणि पांढरा थर एकदा झिजून गेला की गेलाच. (त्या जातीचे दगड आपल्या पैठणाहून गाड्यांतून भडोच बंदरी जात, असे पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आहे. हाही दगड आपल्याकडचाच, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरलेला बरा!)

१३४३ साली हे रत्न आविन्यों येथे पोप सहावे क्लेमेंट यांच्याकडे गेले. १३७९ साली राजा पाचवा चार्ल्स याने ते पुन्हा मंदिरास दिले.

पुढे १६२० साली पेरेस्क नावाच्या विद्वानाने ते पाहिले. हा गृहस्थ न्यायाधीश, शिवाय एका मठाचा अधिपती. जुन्या रोमी नाण्यांवरील चेहरे त्याच्या नित्य परिचयाचे. त्याने ओळखले की वर स्वर्गस्थ ऑगस्तस आहे, आणि मध्ये सिंहासनावर बसला आहे तो फारो नव्हे, तिबिर्य कैसर!

वाचकहो, हा तिबिर्य कोण? ज्याच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी योहान बाप्तिस्ता उपदेश करू लागला असे संत लूक सांगतो, तोच. ज्याच्या सुभेदाराच्या, पिलाताच्या, शिपायांनी प्रभूच्या मस्तकी काटे रोविले, तोच. त्या काट्यांच्या शेजारी तो तीनशेहून अधिक वर्षे योसेफाच्या कथेआड बसून होता. कित्येकांना याचे हसू येते. मला येत नाही. बंदिशाळेतून वर काढलेला निरपराध मनुष्य ज्यांनी त्या दगडात पाहिला, त्यांचे शास्त्र चुकले नव्हते, नाणी चुकली होती. आणि ती चूक दाखविणारा मठाधिपतीच होता, हेही विसरू नये.

१७९१ साली रत्न राजाच्या पदक-संग्रहात गेले. १८०४ साली ते चोरीस जाऊन ॲम्स्टरडॅम येथे सापडले, पण त्याची जुनी सोन्याची चौकट वितळविली गेली होती. कित्येक आकृतींच्या नावांविषयी पंडितांत अद्याप वाद आहे; तिबिर्याविषयी फारसा नाही. काटेरी मुकुट १८०६ पासून नोत्र दाम महामंदिराच्या ताब्यात आहे, आणि कैसर राष्ट्रीय ग्रंथालयात.