पाच सिटिंगांची कुळकथा

प्रोस्टेटच्या बाहेर न पसरलेल्या कॅन्सरला आता पाच सिटिंगांत किरणांचा शेक देता येतो. दर वेळी 7.25 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), एकूण 36.25 ग्रे. काही वर्षांपूर्वी याच आजारासाठी 39 दिवस यंत्राखाली झोपावे लागे. शनिवार-रविवार धरले तर जवळपास आठ आठवडे. यंत्रे सुधारली म्हणून फेऱ्या घटल्या, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी पार मेंढ्यापर्यंत मागे जावे लागते.

1920च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रगो आणि त्यांचे सहकारी मेंढ्यांच्या वृषणांवर क्ष-किरणांचे प्रयोग करत होते. एकाच दमात सगळे किरण सोडले तर मेंढा निर्बीज व्हायच्या आधी वृषणकोशाची कातडी होरपळे. तेच किरण थोडे थोडे करून काही आठवडे दिले, तर मेंढा निर्बीज होई आणि कातडी बचावे. वृषणातल्या पेशी कॅन्सरसारख्या सतत वाढणाऱ्या. म्हणजे हीच युक्ती गाठीवर चालावी, असा रगोंचा तर्क. तेव्हा जर्मन भाषक डॉक्टरांत एकदाच जबर मात्रा देऊन मोकळे होण्याची चाल होती. पण 1922मध्ये रगोंच्या संस्थेतल्या ऑन्री कुतार यांनी स्वरयंत्राचे बरे झालेले कॅन्सर परिषदेत मांडले आणि पारडे पॅरिसकडे झुकले.

पुढे रोजची मात्रा साधारण 2 ग्रे आणि आठवड्याचे पाच दिवस, असा शिरस्ता पडला. (शनिवार-रविवारची सुट्टी पेशींनी मागितलेली नाही, ती दवाखान्याची सोय.) प्रोस्टेट मात्र या सगळ्यापासून लांबच होती. ओटीपोटात खोल, वर मूत्राशय, मागे गुदाशय. सुरुवातीच्या क्ष-किरण यंत्रांचा जोर तिथवर पोहोचेपर्यंत ओसरून जाई. 1956मध्ये स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लान यांच्या पुढाकाराने जास्त जोराचे क्ष-किरण सोडणारे लिनिअर ॲक्सेलरेटर यंत्र सुरू झाले, आणि त्यावर माल्कम बॅगशॉ यांनी प्रोस्टेटचे रुग्ण घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे बाहेरून दिलेल्या शेकाने हा आजार आटोक्यात येऊ शकतो, हे दिसू लागले.

मग मात्रा वाढवण्याची चढाओढ लागली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये 301 रुग्णांवर 70 विरुद्ध 78 ग्रे अशी चाचणी झाली. 78वाल्यांचा आजार जास्त काबूत राहिला, गुदाशयाचा त्रासही जास्त झाला. पण रोजचे 2 ग्रे कोणी हलवायला तयार नव्हते. त्यामुळे मात्रा वाढली तशा फेऱ्याही वाढल्या: 35च्या 39. हा हिशेब शंभरदा मांडला गेला असेल, पण भाजकाला, म्हणजे त्या 2 ग्रेला, हात लावायचे धाडस झाले नाही, हे मला या साऱ्या प्रकरणातले सगळ्यात गमतीचे वाटते.

धाडस अजिबातच झाले नाही असेही नाही. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये 1962पासून प्रोस्टेटला 6 ग्रेची सहा सिटिंगे, तीन आठवड्यांत, देत असत. बावीस वर्षांचा तो अनुभव 1990मध्ये छापून आला. पण त्यातल्या बहुतेक काळात आजार परतल्याचे दाखवणारी पीएसएची रक्ततपासणी नव्हती, त्यामुळे आजार खरोखर किती जणांत थांबला हे काटेकोर सांगता येईना. प्रघात होता तसाच राहिला.

त्याला सुरुंग लागला तो कागदावर. 1999मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड ब्रेनर आणि एरिक हॉल यांनी जुन्या निकालांवरून गणित मांडले. पेशी लहान मात्रेतून किती सावरते आणि मोठ्या मात्रेने किती मोडते, याचा अंदाज देणारे एक गुणोत्तर असते, अल्फा-बीटा. बहुतेक गाठींसाठी ते 10च्या आसपास धरतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ते निघाले 1.5. गुदाशयाच्या उशिरा उमटणाऱ्या इजेसाठी ते सुमारे 3 धरले जाते. आकडा जितका लहान, तितके लहान मात्रेतून सावरणे जास्त; म्हणजे ही गाठ शेजारच्या निरोगी अवयवापेक्षाही चिवटपणे सावरणारी. तिला रोज थोडा शेक देणे म्हणजे रोज रात्री दुरुस्तीला सवड देणे. मेंढ्याचा धडा इथे उलटा लागू होत होता.

आता यंत्रांचे काम आले. मोठी मात्रा एक-दोन मिलिमीटरही भलतीकडे गेली तर महागात पडते, आणि प्रोस्टेट जागेवर राहत नाही. गुदाशयात वायू भरला की ती पुढे ढकलली जाते. म्हणून आधी ग्रंथीत सुईने सोन्याचे तीनेक बारीक तुकडे बसवतात, तांदळाच्या कणीएवढे. रुग्णाने पोट साफ ठेवायचे, लघवी करून यायचे, मग ठरलेले पाणी पिऊन थांबायचे, म्हणजे मूत्राशय रोज सारखेच भरलेले राहते. टेबलावर झोपल्यावर स्कॅनमध्ये सोन्याच्या खुणा जुळवतात आणि लागेल तेवढे टेबल सरकवतात. प्रत्यक्ष किरण सोडण्याचा वेळ याच्या तुलनेत थोडाच.

ब्रिटनच्या सीएचएचआयपी चाचणीत 3,216 रुग्णांवर 37 सिटिंगांऐवजी 20 पुरतात हे 2016मध्ये दिसले. 2019मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कने 39ची 7 केली. मग रॉयल मार्सडन हॉस्पिटलचे निकोलस व्हॅन आस यांच्या पुढाकारातली पेस-बी चाचणी: 874 रुग्ण, एका गटाला 5 सिटिंगे, दुसऱ्याला 20 किंवा 39. 2024मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी आजार परत न आलेले 95.8 टक्के विरुद्ध 94.6 टक्के. मात्र मध्यम किंवा त्याहून जास्त असा लघवीचा उशिरा होणारा त्रास पाचवाल्यांत 26.9 टक्के, दुसऱ्या गटात 18.3. बातम्यांत पहिले आकडे ठळक आले. पण रात्री चारदा उठावे लागणाऱ्या माणसाला दुसरेही आधी सांगायला हवेत.

नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या फ्लेम चाचणीने वेगळी फांदी धरली. ग्रंथीला 35 सिटिंगांत 77 ग्रे, पण एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीला 95पर्यंत. पाच वर्षांनी आजारमुक्त 92 टक्के, नुसत्या 77वाल्यांत 85. ही नेमकी जादा मात्रा पाच सिटिंगांत बसवण्याचे प्रयोगही तिथेच सुरू झाले.

पेस-बीमध्ये सौम्य आणि मध्यम जोखमीचेच रुग्ण होते. आपल्याकडे बरेच जण त्याच्या पुढच्या टप्प्यावर पोहोचून मग डॉक्टर गाठतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरिअलने प्राइम चाचणी हाती घेतली. जास्त जोखमीचे किंवा ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींत पसरलेले रुग्ण, एका गटाला 25 सिटिंगे, दुसऱ्याला 5. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला टाटामध्ये ये-जा करणाऱ्याच्या हिशेबात हा फरक पाच आठवड्यांच्या मुक्कामाचा की एक-दोन आठवड्यांच्या, असा आहे.