धसकट फिल्मवर उमटत नाही

वैरागच्या शिवारात ज्वारी मुळासकट उपटतात, तूर मात्र विळ्यानं कापतात. घाव तिरका बसला की मागं जे धसकट उरतं ते चपलेतून आरपार जातं. त्यावर एखादं पोर पालथं पडलं आणि टोक डोळ्याच्या खोबणीत शिरलं, तर वर पापणीला बारकीशी जखम दिसते. दोन-चार दिवसांत सूज उतरायला लागते आणि घरचे म्हणतात, देवानं राखलं. मी जन्मानं वैरागचा, नोकरीनं एक्स-रे तंत्रज्ञ. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डार्क रूममध्ये उमेदीची वर्षं गेली. या धसकटाशी माझं जुनं वैर आहे, कारण ते माझ्या फिल्मवर कधी उमटलंच नाही.

खोबण निमुळती असते, तोंडापासून टोकापर्यंत जेमतेम साडेचार सेंटिमीटर. आत नेत्रगोल, त्याला फिरवणारे स्नायू, मागं जाणारी दृष्टीची नस, आणि उरलेल्या जागेत चरबी. काडी चरबीत गडप होते आणि तिच्या मागं वाट मिटून जाते. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. वरचं छतही नाजूक, त्याच्या पलीकडं थेट मेंदू. म्हणून वरची जखम किती लहान आहे यावरून आतलं काही ठरवू नये. हे सगळ्या डॉक्टरांना शिकवलेलं असतं, तरी टाका घालून घरी पाठवलेलं पोर महिन्या-दोन महिन्यांनी पू वाहत परत येतंच.

आमच्या लहानपणी डोळ्यात जायचं ते कुसळ. खळ्यावर उफणणी चालली की वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभ्या असलेल्या प्रत्येकाचा डोळा चोळून लाल व्हायचा. पदराचं टोक ओलं करून फिरवायचं, वाफाळ फुंकर मारायची, नाहीतर बाळंतिणीच्या दुधाचे थेंब. गल्लीत एक म्हातारी होती, ती पापणी उलटवून जिभेच्या शेंड्यानं कुसळ काढायची. आता ऐकून अंगावर काटा येतो. तिच्या जिभेला कण लागायचा हे मात्र खरं. पुढं सुश्रुतसंहिता वाचायला घेतली तेव्हा हसू आलं. सूत्रस्थानाच्या 27व्या अध्यायात शल्य, म्हणजे अंगात रुतलेली वस्तू, काढायचे 15 उपाय दिलेत. त्यात पहिला उपाय अंगचा स्वभाव, म्हणजे अश्रू आणि शिंक. डोळ्यातल्या बारीक कणासाठी पाण्याची धार, फुंकर, केस, कापड आणि हात. म्हातारीच्या जिभेचा तेवढा उल्लेख नाही.

त्याच्या आधीचा, 26वा अध्याय मला जास्त आवडतो. हरवलेलं शल्य कुठं आहे हे ओळखायचं कसं, यावर तो आहे. कातडीवर तूप किंवा चंदन लावा. तूप जिथं वितळेल, लेप जिथं आधी वाळेल, तिथं शल्य. शिरा-स्नायूंत लपलं असेल तर रोग्याला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत रस्त्यानं पळवा. जिथं कळ येईल तिथं ते आहे. वैराग-सोलापूर रस्त्यानं पूर्वी एसटीत बसून आलेल्या रुग्णांवर हा प्रयोग आपोआप झालेला असे.

पुढची कहाणी लोखंडाची. सुश्रुताच्या यादीत लोहचुंबक आहेच. युरोपात 1624 साली सर्जन फॅब्रिशियस हिल्डानसची बायको मारी कॉलिने हिनं पोलादाचा कण चुंबकानं काढल्याची नोंद आहे; नवऱ्यानं श्रेय तिलाच दिलं, हे विशेष. 1879 मध्ये बर्लिनच्या नेत्रतज्ज्ञ हिर्शबर्गनं विद्युतचुंबक वापरला, 1892 मध्ये झुरिकच्या हाबनं अवाढव्य चुंबक बनवला, आणि 1895 च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले. नवी साधनं बनली ती कारखान्यात आणि लढाईत जखमी झालेल्यांसाठी. सोलापुरात 1877 मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली होती. मागावरून उडालेला धोटा म्हणजे काय, हे गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढणाऱ्याला कोळशाचे कण भेटू लागले. याच चिमुकल्या गाडीनं एक उपकारही केला. 1927 मध्ये तिचा फाटा मिरजेपर्यंत गेला. तिथं विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं होतं, आणि मोतीबिंदूसाठी त्याचं नाव दूरवर पोचलं होतं. आमच्या भागातल्या माणसाला बार्शीला गाडीत बसून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरज गाठता येऊ लागली.

1972 च्या दुष्काळात दगड आला. खडी फोडायच्या कामावर अख्खी गावं गेली. ज्या बायकांच्या हातात तोवर खुरपं होतं त्यांच्या हातात हातोडी आली. कपची उडायची. पण खरा धोका दगडाचा नव्हे, हातोडीचा. तिच्या तोंडाचा टवका निघतो आणि कुणाला कळायच्या आत डोळ्यात जातो. लोखंड नेत्रगोलात राहिलं तर गंजतं आणि महिन्या-वर्षांत नजर घेऊन जातं. त्या बायांना विचारलं तर सगळ्या सांगत, दगड लागला.

असा रुग्ण टेबलावर आला की आमची एक जुनी युक्ती. डोकं आडवं, हलू न देता दोन फिल्म: एक वर बघताना, एक खाली बघताना. ठिपका नजरेबरोबर सरकला तर वस्तू बहुधा नेत्रगोलात. जागचा हलला नाही तर बाहेर, खोबणीत. नवख्याला वाटतं दिसला ठिपका, काम झालं. निम्म्या वेळा तो कॅसेटमधल्या स्क्रीनवर बसलेला धुळीचा कण असतो. म्हणून कॅसेट बदलून पुन्हा काढायची. हायपोच्या द्रावणातून ओलीच फिल्म बाहेर काढून डॉक्टरसाहेबांच्या दिव्यासमोर धरायची, की ते म्हणायचे, ‘‘कॅसेट बदललीस का रे?’’

जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचा छर्रा सगळ्यात लख्ख उमटतो. शिशाचा छर्रा डोळ्यामागं खोल जाऊन गप बसला, नजर ठीक असली, तर सर्जन पुष्कळदा त्याला तसाच ठेवतात. काढायला गेलं तर नसेला इजा व्हायची. धसकटाचं उलट आहे. ते फिल्मवर दिसत नाही, आणि आत ठेवताही येत नाही. लाकूड पाणी पितं, मऊ पडतं, जंतूंना घर देतं.

1971 मध्ये विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण घेतला गेला. पुढं ते यंत्र सोलापूरला आलं, तेव्हा मला वाटलं, आता धसकट सुटत नाही. सुटलं. कोरडं लाकूड सीटीत हवेसारखं काळं दिसतं. जखमेबरोबर हवा शिरली असेल म्हणून बघणारा पुढं जातो. काही दिवसांनी तेच लाकूड भिजतं आणि भोवतालच्या चरबी-स्नायूंत रंगानं मिसळून जातं. लाकडासाठी एमआरआय बरं, पण तिथं अजस्र चुंबक. पत्र्याचं काम करणाऱ्या एका माणसाच्या डोळ्यात नकळत राहिलेला लोखंडी कण एमआरआयमध्ये हलला आणि आत रक्तस्राव झाला, अशी नोंद 1986 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून लोखंडात काम केलेल्याला त्या बोगद्यात घालण्याआधी विचारपूस होते, शंका असेल तर साधा एक्स-रे निघतो. आमच्या जुन्या मशीनला असा पुन्हा मान मिळाला, हे मी निवृत्तीनंतरही चहाच्या टपरीवर सांगत असतो.

तर यंत्र कोणतं लावायचं हे यंत्र सांगत नाही. कुठं पडला, काय हातात होतं, काय शिरलं, हे आधी कळावं लागतं. आमचे एक सर्जन घरच्यांना परत रानात पाठवायचे: ज्यावर पोर पडलं ते घेऊन या. टोक मोडलंय का, मोडलं तर किती, हे त्यांना हातात धरून बघायचं असे. एकदा नेमकं धसकट कोणतं ते आठवेना म्हणून पोराच्या चुलत्यानं त्या सरीतली सगळीच उपटून, सुतळीनं पेंढी बांधून आणली. सर्जननी ओपीडीच्या टेबलावर ती सोडली, एकेक निवडलं, आणि ताजं टोक मोडलेलं एक बाजूला काढलं. बोटभर तुकडा कमी होता. पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला घेतलं.